राणीचं चित्र कोणी काढलं?

१

राणी भिंतीवर नव्हती, आणि राणीसमोर बसवून ठेवलेला नवराही जागेवर नव्हता.

भिंतीच्या तांबड्या कापडावर राणीच्या मापाचा एक गडद चौकोन उरला होता. वरचे दोन आकडे शाबूत होते. खाली फरशीवर खोडरबराचा चुरा पडला होता, आणि नवऱ्याची खूण म्हणावी तर तेवढीच.

धास्तीबाई दारातच थिजल्या. हे नाव त्यांना सासरच्यांनी दिलं होतं आणि त्यांनी ते इमानेइतबारे चालवलं होतं. कुकरची शिट्टी झाली की त्या शेजारच्या खोलीत जाऊन उभ्या राहायच्या. लिफ्टमध्ये शिरताना वजनाची पाटी वाचायच्या आणि आतल्या एखाद्या जाड्या माणसाकडे रोखून बघायच्या. कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की आधी बाहेर पडायचा रस्ता हेरून ठेवायच्या. या राजवाड्यातही त्यांनी चित्रं कमी आणि दारं जास्त बघितली होती.

"वन्सं," त्या नणंदेला म्हणाल्या, "हे कुठे गेले?"

"दादा ना? पाय मोकळे करायला गेला असेल."

"आणि राणी?"

नणंदेने भिंतीकडे बघितलं. "तीही गेली असेल. शंभर वर्षं एका जागी बसून पाय आखडतात, वहिनी."



सकाळी तिघं मिळून आली होती. नकाशेबुवा, म्हणजे धास्तीबाईंचे यजमान, जन्मभर पाण्याच्या नळांचे नकाशे काढून निवृत्त झाले होते आणि आता नळांवरचा सूड माणसांवर उगवत होते. दिसेल त्याचं चित्र काढायचे. या राजवाड्याच्या संग्रहालयातली ही राणी त्यांच्या कितीतरी दिवस मनात होती. "तुम्ही दोघी फिरून या," ते म्हणाले, घडीचं स्टूल उघडलं, कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं आणि पेन्सिलीला टोक करायला बसले. काम करताना त्यांना जगाचा आवाज नको असायचा. मग कोणी काही विचारलं तर ऐकू यायचं नाही, आणि ऐकू आलं नाही की मान डोलावून हो म्हणायची त्यांची जुनी खोड होती. एका विमा एजंटाने याच खोडीवर घर बांधलं होतं.

दोघींनी आरसेमहाल बघितला, अंगणातल्या टपरीवर चहा घेतला आणि परत आल्या, तर ही तऱ्हा.

धास्तीबाईंच्या तोंडून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघाला. तो ऐकून सुरक्षासाहेब धावत आले. पोटाला पट्टा, पट्ट्याला वॉकीटॉकी, आणि वॉकीटॉकीला नुसती खरखर. त्यांनी भिंत बघितली, चुरा बघितला, मग धास्तीबाईंना बघितलं.

"राणीसमोर कोण होतं?"

"आमचे हे."

"आता ते नाहीत."

"नाहीत ना."

"संशयाची सुई," सुरक्षासाहेब म्हणाले, आणि स्वतःच्या वाक्याची चव घेत थांबले, "इथेच वळते." बारा वर्षं त्यांनी या वाक्यासाठी चोरीची वाट बघितली होती. ते खरखरीत ओरडले, "सगळी दारं बंद. लोकांना झडती घेऊन बाहेर काढा. घंटा द्या."

वाड्याच्या मनोऱ्यावर पितळी घंटा होती. रोज संध्याकाळी संग्रहालय बंद होताना ती वाजायची. आज ती भर दुपारी वाजली. दालनं रिकामी झाली, दारं धडाधड लागली, आणि धास्तीबाईंनी सकाळी हेरून ठेवलेली एकेक वाट बंद झाली.

ती घंटा वाजायला नको होती, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

२

चौकशी राणीच्या शृंगारखोलीत भरली. जिथे राणी वेणी घालायची तिथे आता सुरक्षासाहेबांचं टेबल होतं, आणि तिन्ही बाजूंनी आरसे. धास्तीबाईंना जिकडे बघावं तिकडे पांढरीफटक पडलेली एक बाई दिसत होती.

"तुमचे मिस्टर काय करतात?"

"चित्रं काढतात."

सुरक्षासाहेबांची पेन्सिल थबकली. "कधीपासून?"

"लग्नाआधीपासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरात राहते मी त्यांच्या. माहीत नसेल कसं?"

"आणि तुम्ही कधी अडवलं नाहीत."

"अडवून काय करायचं? दारू नाही, पत्ते नाहीत. एवढा एकच नाद."

"दादाला लहानपणापासूनच आहे हो," नणंद मदतीला धावली. ती मदतीला धावली की माणसं अडचणीत यायची. "शाळेत मुख्याध्यापकांचं काढलं म्हणून छड्या खाल्ल्या होत्या त्याने."

"शाळेतून सुरुवात," सुरक्षासाहेब पुटपुटले.

"नातेवाइकांकडे गेला तरी राहवत नाही. मागे वहिनींच्या भावाकडे गेलो होतो, तर तिथे त्यांच्या गेलेल्या वडिलांचं काढलं. जेवणं व्हायच्या आत."

"मयत माणसाचंही सोडलं नाही."

"सगळे म्हणाले, काय सफाई आहे हाताला."

सुरक्षासाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, टोळी किती जणांची आहे?"

"कसली टोळी?"

"असं बघा. मी आत्ता पोलिसांना कळवणार आहे. दहा वर्षांची शिक्षा होते याला. या वयात माणूस आत गेला की आडवाच बाहेर येतो. ते कुठे आहेत एवढं सांगा."

धास्तीबाईंना हुंदका आला. "अहो, तेच तर मी तुम्हाला विचारतेय. त्यांना यंत्राशिवाय ऐकू येत नाही. या एवढ्या मोठ्या वाड्यात कुठे पडलेबिडले तर हाक मारलेलीही कळायची नाही."

तिकीट खिडकीवरच्या बाईला आत बोलावलं. तिने शपथेवर सांगितलं की फाटकातून स्टूल घेतलेला म्हातारा बाहेर गेला नाही, आणि राणी तर मुळीच नाही. फाटक एकच. बाकी सगळ्या वाटा राजाच्या आजोबांनीच राणीवशातल्या बायका पळतील या भीतीने विटांनी बुजवल्या होत्या.

म्हणजे माणूस वाड्यातच होता. वाडा बंद होता. आणि बाहेर कुठूनही कसला आवाज येत नव्हता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवलेले एक गृहस्थ आत घुसले.

"हा काय तमाशा आहे?" ते म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांना चित्र काढायची परवानगी मी दिली होती."

३

हे संचालक होते. सुरक्षासाहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच अधांतरी राहिले.

"तुम्ही दिलीत? राणीचं चित्र काढायची?"

"हो. त्यात काय झालं? रोज कोणी ना कोणी काढतं."

"रोज?"

"गेल्या महिन्यात कॉलेजच्या चाळीस मुली आल्या होत्या. चाळिसांनी काढलं. फरशीवर बसून."

सुरक्षासाहेब मटकन खाली बसले. आपल्या नाकाखाली चाळीस मुलींनी राणी पळवली आणि आपल्याला खबर नाही, हे त्यांना सोसवेना. "आणि मग... परत लावलं?"

"काय परत लावलं?"

"चित्र."

"कागदावरचं चित्र भिंतीला कशाला लावतील? घरी घेऊन गेल्या."

आधी संचालकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांचा चष्मा नाकावर घसरला. "अहो, काढलं म्हणजे रंगवलं, रेखाटलं. पेन्सिलीने काढलं. तुम्हाला काय वाटलं, भिंतीवरून काढलं?"

"ह्यांचं तेच तर मी सांगत होते मघापासून," धास्तीबाई म्हणाल्या.

"मला वाटलं तुम्ही कबुली देताय," सुरक्षासाहेब म्हणाले. त्यांनी लिहिलेला कागद हळूच उलटा केला. मग त्यांना आठवलं की अजून आपली बाजू अगदीच लंगडी नाही. "पण साहेब, भिंतीवरून कोणीतरी काढलंच आहे ना? ते कोणी काढलं?"

संचालकांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"दालनात पहारेकरी होता," ते म्हणाले. "त्याला मी सकाळी स्वतः सांगून ठेवलं होतं. एक गृहस्थ येतील राणीचं चित्र काढायला. अडवू नकोस. लागेल ती मदत कर."

सकाळचा पहारेकरी पाळी संपवून घरी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. त्याच्या जागी आलेल्याला उभं केलं. हा दुपारचा माणूस बुटका होता, घाम पुसत होता आणि दर प्रश्नाला आधी "माझं काही नाही" म्हणत होता.

"माझं काही नाही साहेब. मी आलो तेव्हा भिंत रिकामीच होती."

"मग ओरडला का नाहीस?"

"आठवडाभर इथे भिंती रिकाम्याच होताहेत. आज ही, उद्या ती. मी कोणकोणत्या भिंतीसाठी ओरडू?"

"सकाळचा जाताना काही बोलला?"

बुटक्याने आठवून बघितलं. "बोलला ना. म्हणाला, साहेबांचा माणूस आला होता राणीचं चित्र काढायला. म्हातारा आहे, ऐकू येत नाही. पण काळजी नको." तो थांबला. आरशांतले तिघेही बुटके थांबले. "म्हणाला, राणीचीही सोय लावली आणि म्हाताऱ्याचीही सोय लावली."



४

सोय लावली. पाहुण्यांची सोय लावतात, आणि ज्याची अडचण झाली त्याचीही लावतात.

सुरक्षासाहेबांना पुन्हा हुरूप आला. संशयाची सुई आता गरगर फिरत होती. सकाळचा पहारेकरी फितूर, संचालक सामील, म्हाताऱ्याने चोरी बघितली म्हणून म्हाताऱ्याचा काटा काढला. "विहीर आहे का वाड्यात?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, तुम्ही ऐकू नका," नणंद म्हणाली आणि स्वतः रडायला लागली.

धास्तीबाई मात्र रडल्या नाहीत. जन्मभर त्यांनी नाही नाही त्या संकटांची रोज उजळणी केली होती. बस उलटली तर, जिना कोसळला तर, घास घशात अडकला तर. आज खरंच काही झालं होतं आणि त्यांचं डोकं सवयीने कामाला लागलं.

"स्टूल कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

"कसलं स्टूल?"

"ह्यांचं. घडीचं. तिथे नाहीये ते. चोराने राणी नेली, ह्यांना मारलं, आणि स्टूल कशाला नेलं? बसायला?"

धास्तीबाईंनी पुढचं बोट मोडलं.

"वरचे आकडे सरळ आहेत. एकही वाकलेला नाही. आमच्या ह्यांना खिळा ठोकता येत नाही. घरात कॅलेंडर मी लावते. म्हणजे चित्र उतरवलं ते रोज उतरवणाऱ्या हाताने. पण एवढी जड चौकट एकट्याला नेता येईल का?"

"दोघं लागतात," बुटका म्हणाला. "माझं काही नाही, पण दोघं लागतात."

"एक तो, दुसरे हे," धास्तीबाई म्हणाल्या. "ह्यांनी स्वतः धरलं दुसरं टोक. पाठीला स्टूल अडकवून. कोणी मारायला नेत असेल तर माणूस स्टूल घेऊन जात नाही. पुढे बसायचं असेल तरच नेतो."

संचालकांनी तोंड उघडलं, पण बाईंनी त्यांना बोलू दिलं नाही. त्या भीतीने भराभर बोलत होत्या, थांबलो तर पडू अशा.

"तुम्ही पहारेकऱ्याला काय सांगितलंत? माणूस येईल चित्र काढायला, मदत कर. हे साहेब इथे खुर्चीत बसून तो शब्द उलटा समजले. मग आठवडाभर भिंतीवरची चित्रं काढतोय तो माणूस काय समजला असेल? त्याने ह्यांना विचारलं असेल, चित्र काढायला आलात ना? हे म्हणाले हो. खाली न्यायचं ना? हो. ह्यांना काहीही विचारा, हो. त्यांना ऐकूच येत नव्हतं. राणी हलली, तसे तिच्यामागून हेही गेले. चित्र अर्धं सोडायचे नाहीत हे, घराला आग लागली तरी." त्यांनी श्वास घेतला. "काढलेली चित्रं तुम्ही कुठे ठेवता?"

"तळघरात," संचालक म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "चौकटींना भुंगा लागलाय. एक बंद खोली केली आहे, औषधाची. रोज थोडी थोडी चित्रं आत ठेवायची आणि औषधाचा वायू सोडायचा. राणीची पाळी पुढच्या आठवड्यात होती."

तळघराच्या जिन्यावरची पिवळी पाटी धास्तीबाईंनी सकाळीच बघितली होती. कवटी आणि दोन हाडं. त्या जिन्यासमोरून जावं लागू नये म्हणून त्यांनी नणंदेला अख्खा वाडा वळसा घालून नेलं होतं.

"आत कोणी नाही ना, हे बघतं कोण?"

"पहारेकरी बघतो," संचालक म्हणाले.

"औषधवाले बघतात," बुटका म्हणाला.

"वायू कधी सोडतात?"

"संध्याकाळी. लोक बाहेर गेल्यावरच. त्याची चिंता नको, संग्रहालय बंद झाल्याशिवाय नाही सोडत."

"बंद झालं हे त्यांना खाली तळघरात कसं कळतं?"

संचालक सुरक्षासाहेबांकडे बघायला लागले. सुरक्षासाहेब वॉकीटॉकीकडे.

"घंटा झाली की," बुटका म्हणाला.

५

धास्तीबाई धावल्या.

ही बाई गेल्या वीस वर्षांत कोणी धावताना बघितली नव्हती. दरबार, त्यामागचं शस्त्रांचं दालन, मग लांबलचक बोळ. भिंतींवरचे रिकामे चौकोनी डाग एकामागून एक मागे पडत होते. मागून सुरक्षासाहेबांचे बूट, संचालकांचं धापणं आणि नणंदेचं "वहिनी, सांभाळून" येत होतं. वॉकीटॉकीवरून सुरक्षासाहेब खाली निरोप देत होते आणि खालून खरखर उत्तर देत होती.

कवटीची पाटी आली. बाईंनी डोळे मिटले नाहीत, कारण जिना उतरायचा होता.

खाली अंधुक होतं. कडू बदामासारखा काहीतरी वास नाकात शिरला, की तो भीतीचाच होता कोण जाणे. बोळाच्या टोकाला लोखंडी दार, दाराच्या चारी फटींवर रुंद चिकटपट्टी, आणि दारासमोर एक माणूस. त्याला तोंड नव्हतं. तोंडाच्या जागी रबराची सोंड आणि दोन काचेचे डोळे होते. त्याच्याजवळ उंच नळकांडं उभं होतं, त्याला चाक होतं, आणि त्याचा हात चाकावर होता.

सूं असा बारीक आवाज येत होता.

"बंद करा," धास्तीबाई किंचाळल्या. "आत माणूस आहे."

सोंड त्यांच्याकडे वळली. आतून घुसमटलेला आवाज आला. "बाई, इकडे यायचं नाही. आत चित्रं आहेत."

"आत चित्र काढताहेत."

"काढलेलीच ठेवलीत," सोंड म्हणाली.

मराठी भाषेशी भांडायला वेळ नव्हता. बाईंनी त्याला ढकललं आणि दोन्ही हातांनी चाक पकडलं. कुठल्या बाजूला फिरवायचं हे त्यांच्या डोक्याला ठाऊक नव्हतं. पण घरचा गॅस बंद आहे ना हे रोज झोपण्याआधी उठून उठून बघणाऱ्या हातांना ठाऊक होतं. हात आपोआप उजवीकडे फिरले. सूं आवाज थांबला. मग त्यांनी चिकटपट्टीत नखं घातली. पट्टी निघाली, तिच्याबरोबर एक नखही निघालं.

तोवर सुरक्षासाहेब पोचले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं पोट कामाला आलं. त्यांनी ते दारावर आपटलं आणि दार उघडलं. सोंडवाल्याने आत पाहिलं, आणि काहीच न बोलता आत शिरला.

भिंतीशी राणी उभी होती. तिच्या पायाशी, दोन मोठ्या चौकटींच्या आडोशाला, घडीच्या स्टुलावर नकाशेबुवा बसले होते. डोकं राणीच्या झग्यावर टेकलेलं. हातातली पेन्सिल गळून पडली होती.

सोंडवाल्याने त्यांना पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. जिना, बोळ, शस्त्रांचं दालन. मोठं दार कोणी उघडलं कोण जाणे. अंगणात उन्हात त्यांना फरशीवर निजवलं. ओठ निळे पडले होते.

"दादा," नणंद म्हणाली. "अरे दादा."

त्यांना ऐकू येणार नाही हे धास्तीबाईंना माहीत होतं. त्यांनी हाक मारलीच नाही. सदऱ्याची बटणं तोडली, छातीवर पंजा टेकला आणि वाट बघत बसल्या. छाती हलेना.

मग पंजा जरासा वर उचलला गेला. खाली गेला. पुन्हा वर आला.

नकाशेबुवा खोकले, कुशीवर वळून ओकले, आणि पुन्हा उताणे झाले. त्यांनी डोळे उघडले. वरती माणसांचं कोंडाळं बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हो."

डॉक्टर निघालेत असं कोणीतरी ओरडलं. सुरक्षासाहेबांनी घाम पुसला. "मला पहिल्यापासूनच वाटत होतं, चोरी नाहीच ही," ते म्हणाले.

"राणी," संचालक एकदम म्हणाले. "राणी उघड्या दारात आहे. नुसती तळघरातली ओल लागली तरी रंग उडायचा." आणि ते पळाले. त्यांच्यामागे सुरक्षासाहेब पळाले. बुटका "माझं काही नाही" म्हणत पळाला. सोंडवाला मात्र मुखवटा उतरवून पायरीवर बसला होता. जेमतेम मिशी फुटलेला, घामाने निथळलेला माणूस.

"मी आत बघितलं नाही हो काकू," तो म्हणाला. "रोज कोणीच बघत नाही."

धास्तीबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं आणि तो हात त्यांनी नवऱ्याच्या छातीवरून उचलला नव्हता. प्रत्येक श्वासाला पंजा वर यायचा, आणि खाली गेला की त्यांचं काळीज थांबायचं, पुन्हा वर येईपर्यंत.

फाटकाबाहेर काढलेले लोक गजांतून आत डोकावत होते.

"वहिनी," नणंद त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "अहो, आता ठीक आहे तो. हात घ्या बाजूला. सगळे बघताहेत."

"बघू देत," धास्तीबाई म्हणाल्या.